पंपाला एक काना जास्त

॥ श्री ॥

तंजावूर, राजवाड्याच्या मागची आपली गल्ली. तिथी विचारू नकोस. पंचांग सूनबाईनं, भुवनानं, कपाटावर ठेवलंय आणि तिथवर माझा हात पोचत नाही. शुक्रवार आहे एवढं खरं.

चि. सौ. वेणूस तिच्या वसुअक्काचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच, म्हणजे मी उठते म्हटलं की ते आधी कुरकुरतात, आणि मी बसते म्हटलं तरी कुरकुरतात, सासूसारखे. तुझ्या यजमानांचा खोकला गेला का? सुंठी कढी करून घाल त्यांना दोन वेळा. (सांगलीच्या तुझ्या सुनेला करायला सांगू नकोस, ती गूळ घालेल. मागच्या खेपेला ती माझं मराठी ऐकून ओढणी तोंडावर धरून हसत होती. हसू दे. आमचं मराठी म्हणजे जुना तांब्या, पोचे पडलेत पण गळत नाही म्हणून सांग तिला.)

आता बातमी. आनंदाची आणि दुःखाची एकाच पानात वाढते, कारण दोन्ही एकाच चुलीवर शिजल्या. आनंदाची ही, की आपल्या श्रीकरचं जुळलं! माझा नातू नवरा होणार, वेणू. मुलगी पापनाशमची, आपल्यातली, नाव शांभवी, शाळेत गणित शिकवते, रंग निवळशंख आणि हसली की गालाला इकडे खळी. संक्रांत झाली की तै महिन्यात निश्चितार्थ, म्हणजे तुमच्याकडचा साखरपुडा. दुःखाची ही, की गाडी गेली. तुझ्या भावोजींची पांढरी गाडी. विकली नाही, चोरीला गेली नाही, कुठे आपटलीही नाही. पापनाशमला देव झाली. हसू नकोस गे. मी हे लिहिताना दोनदा डोळे पुसले. एकदा कांदा चिरत होते, पण एकदा खरंच पुसले.

पहिल्यापासून सांगते. तुझे भावोजी गाडी कशी चालवायचे तुला माहीत आहे. वरातीतल्या घोड्यासारखी. म्हशी आम्हाला मागे टाकून जायच्या आणि वळून बघायच्या. मी शेजारी बसून म्हणायची, अहो, जरा दाबा की. ते म्हणायचे, गाडी जपली तर आपल्याला जपते. ते गेल्यावर श्रीकरनं गाडी हातात घेतली, तेव्हा म्हणाला, अज्जी, या वेगाच्या काट्यानं पुढचे आकडे जन्मात बघितलेले नाहीत. मला इतकं वाईट वाटलं त्या काट्याचं! चांगले गे तुझे भावोजी, चांगलेच होते, पण एकदा, एकच दिवस, मला शेजारी बसवून दाबायला काय हरकत होती? असो. गेलेल्या माणसाशी भांडण काढलं की आपणच हरतो.

तर श्रीकर. बँकेत कारकून, पण मन सगळं इंजिनात. तो आणि त्याचा तो मेकॅनिक नटराज (करंदैला शेड आहे त्याची, माणूस गोड, पण बोलताना तोंडात नेहमी एक खिळा) या दोघांनी मिळून इंजिनाला एक शंख बसवला. त्याला ते टर्बो म्हणतात. मला दाखवला, अगदी गोगलगाईच्या पाठीसारखा, म्हणून मी शंखच म्हणते. हा शंख काय करतो, तर वारा ओढून इंजिनात कोंबतो. मी म्हटलं, म्हणजे फुंकणी. श्रीकर म्हणाला, होय की, अज्जी, फुंकणीच. नटराज खिळा काढून म्हणाला, पाट्टीला (म्हणजे आजीला, मला) कळलं, माझ्या मेव्हण्याला सहा महिने सांगतोय.

शंख लागल्यावर श्रीकरनं मला वल्लमच्या रस्त्यावर फिरवून आणली. वेणू, काय सांगू! आधी काही होत नाही, गाडी आपली जुनीच, आणि मग एकदम आतून कोणीतरी ऊं करतं आणि पाठ सीटला चिकटते. झाडं मागे पळतात. माझा अंबाडा सुटला. मी "अय्यो!" म्हटलं आणि लगेच "परत!" म्हटलं. त्या दिवसापासून मला शिवगंगेच्या देवळाला चालत जायचा कंटाळा येऊ लागला. गुडघे, दुसरं काही नाही. मला गाडीचा मोह आहे असं भुवना म्हणते, पण या वयात कसला मोह? रामनाम घ्यायला लवकर पोचावं एवढंच.

पण महिना गेला आणि गाडी खोकायला लागली. सावकाश गेलं तर काही नाही, जोरात दाबलं की खॉक, खॉक, आणि दम तुटल्यासारखी मागे खेचायची. आता ऐक, हे मी तुला नीट समजावते, तुझ्या नातवाला अशी अवदसा आठवली तर उपयोगी पडेल. चुलीत फुंकणीनं वारा घातला तर जाळ वाढतो, पण कधी? लाकूड असेल तर! लाकूड दोनच काटक्या आणि फुंकणारा पैलवान, तर काय होईल? राख उडून डोळ्यात. इंजिनाचं लाकूड म्हणजे पेट्रोल. ते मागच्या टाकीत असतं, टाकीतच एक पंप बुडवून बसवलेला असतो, तो पेट्रोल पुढे ढकलतो, वाटेत एक गाळणं, आणि इंजिनाच्या तोंडाशी बारीक पिचकाऱ्या, त्या मोजून फवारा मारतात. हे सगळं सामान तुझ्या भावोजींच्या चालीला पुरेल इतकंच. संध्येच्या पळीनं आचमन होतं, वेणू, पंगत वाढता येत नाही! शंख मागतोय पातेलंभर आणि पंप देतोय पळीभर. मग इंजिन उपाशी राहतं, उपाशी इंजिन तापतं, आणि तापलेलं इंजिन ठोके मारतं, ठक ठक, अगदी सासरा पानावर बसून वाटी आपटतो तसं. म्हणून शंख बसवायच्या आधी मोठा पंप, मोठ्या पिचकाऱ्या, जाड नळी, नवं गाळणं आणि शेवटी गाडीच्या मेंदूला नवी शिकवणी, असा क्रम. या दोघांनी नेमका उलटा केला. श्रीकर म्हणतो, शंख आधी आला, राहवलं नाही. (त्याच्या बापानं मुंज व्हायच्या आधी मुंजीचे लाडू संपवले होते. रक्त आहे.)

शेवटी सामानाची पेटी आली. पंप चांगला वीतभर लांब, पिचकाऱ्या कशा ठसठशीत. मी पेटीला हळदकुंकू लावलं. आणि इथे माझा पाय घसरला. मुलगी बघायला जायचा रविवार जवळ आलेला. नटराजला वेळ एकाच कामाचा. एक तर टाकी खोलून पंप बदलायचा, नाही तर नव्या सीटा, चकचकीत पॉलिश आणि दोन सुरांचा हॉर्न बसवायचा. श्रीकरनं मला विचारलं, अज्जी, काय आधी? मी शहाणी म्हटलं, अरे, मुलगी बघायला चाललोय, दिसतं ते आधी कर. टाकीच्या आतलं कोण बघतंय? हनुमंतराव काय टाकीत डोकावणार आहेत?

डोकावले, वेणू. तेच सांगत्ये.

हनुमंतराव म्हणजे शांभवीचे वडील. शेतीखात्यातून रिटायर, स्वतःची भातजमीन, कपाळाला गंध सरळ रेघेत, आणि बोलतानाही रेघ मारून बोलतात. घरात त्यांची आई, वय झालेली पण सगळं घर तिच्या भुवईवर चालतं. मुलीत काही खोट नाही, पण पत्रिकेत सर्पदोष. त्यापायी चांगली चांगली स्थळं उंबऱ्यावरून परत गेली. म्हणून त्या घरात साप शब्द काढायचा नाही, पडवळसुद्धा आणायचं नाही, असं भुवनानं मला गाडीत तीनदा बजावलं. आता तूच सांग, तंजावुरात आपली घरं उरलीत किती? मुली कितीशा? त्यातून श्रीकरला मुलीचा फोटो बघून तिसरी इडली खायची आठवण राहिली नव्हती. हे स्थळ हातचं गेलं तर दुसरं कुठून आणायचं?

तर रविवारी आम्ही निघालो, श्रीकर, त्याची आई भुवना, मी आणि मांडीवर फळांचं ताट. राहुकाळाच्या आत पोचायचं ठरलेलं. अय्यमपेट्टैच्या पुढे एक बस आडवी. मी फक्त एवढंच म्हटलं, श्रीकर, हिच्या मागे राहिलो तर राहुकाळ लागेल. (भुवना म्हणते मी "दाब!" म्हणाले. तिला मागच्या सीटवरून काय ऐकू येतं?) श्रीकरनं दाबली. शंख ऊं करून उठला, पाठ सीटला चिकटली, मी डोळे मिटले सुखानं, आणि खॉक! बसच्या बरोब्बर बाजूला गाडीचा दम तुटला. बसमधली माणसं खिडकीतून आमच्याकडे बघतायत आणि आम्ही त्यांच्याकडे, ओळखीचं कोणी आहे का म्हणून. मग कशीबशी रखडत रखडत पापनाशमच्या तोंडाशी आली आणि विझली. चहाच्या दुकानातली माणसं धावली. मी उतरत होते, पण ते म्हणाले, पाट्टी, तुम्ही बसा. रथाच्या दिवशी तेर ओढतात तशी त्यांनी गाडी ढकलली, मी पुढच्या सीटवर ताट धरून बसलेली, आणि वाटेतली दोन माणसं सवयीनं हात जोडून गेली.

दारात पोचलो तर राहुकाळ लागलेला. हनुमंतराव दारात उभे. "या. पण आत्ता नको. तिण्णैवर बसा, राहुकाळ सरला की आत या." म्हणजे ओसरीवर, उन्हात, सगळ्या गल्लीसमोर. आतून खिडकीला बायका. बसलो. श्रीकरनं तेवढ्यात नटराजला फोन लावला, मोठ्या आवाजावर, कारण हात गाडीत होते. नटराजनं त्याला सांगितलं, पेट्रोलचं झाकण उघड, कान लाव, आतून आवाज येतो का बघ. श्रीकर वाकून भोकाला कान लावून उभा. नटराज विचारतोय, येतोय का आवाज? श्रीकर म्हणतो, नाही. मग नटराज खिळ्यासकट ओरडला, "टँकुल पंबु पोच्चु, सार!"

तुझं तमिळ सांगलीला राहून गंजलं असेल, म्हणून फोडून सांगते. नटराज पंपाला पंबु म्हणतो. टाकीतला पंबु पोच्चु, म्हणजे टाकीतला पंप गेला, खलास. आणि सापाला तमिळात काय म्हणतात, आठवतं? पांबु. सगळा फरक एका कान्याचा, वेणू, आणि तो काना माझ्या बहिऱ्या डाव्या कानानं घातला. मला ऐकू आलं, टाकीत साप गेला! आणि समोर बघते तर पोरगा भोकाला कान लावून उभा! मी ताट टाकलं आणि गल्ली दणाणेल अशी ओरडले, "श्रीकर, सर मागे! टाकीत साप गेला, साप!" तेही मराठीत. ज्या घरात पडवळ आणत नाहीत त्या घराच्या दारात.

खिडकीतल्या बायका नाहीशा झाल्या. भुवनानं कपाळावर हात मारला. मला तेव्हा कळलं मी काय बोलले, आणि वाटलं, संपलं, हेही स्थळ उंबऱ्यावरूनच परत. तेवढ्यात हनुमंतरावांची आई बाहेर आली. राहुकाळ नाही, काही नाही, सरळ पायऱ्या उतरून आली. हातात हळद, मागून सून दुधाचं भांडं घेऊन. मला विचारलं, "कुठे गेला?" मी बोट दाखवलं पेट्रोलच्या भोकाकडे. म्हातारी हात जोडून म्हणाली, "आजवर सगळे सापाला भिऊन परत गेले. हे सापालाच बरोबर घेऊन आले." हनुमंतरावांचे डोळे भरले. मग त्यांनी चष्मा वर करून टाकीत डोकावून पाहिलं. मी तेव्हाच मनात म्हटलं, वसुमती, तू म्हणाली होतीस ना?

आणि मग म्हातारीनं पळी भरून दूध त्या भोकात ओतलं. श्रीकर ओरडला, "अय्यो, दूध!" त्यांना वाटलं भक्तीनं गहिवरला. दुसरी पळी. श्रीकर पुढे होऊन म्हणतोय, "अहो, ऐका, तो पंप—" आणि भुवनानं त्याच्या पायावर पाय दिला, टाचेनं, चांगला. माझी सून हुशार आहे, मी उगीच नावं ठेवते. तिला सगळं त्या क्षणी कळलं होतं. मला नव्हतं! मी तर शेजारच्या बाईला सापाचा रंगसुद्धा सांगितला.

कोणीतरी फायर सर्विसला फोन केला. (इथे साप निघाला की त्यांनाच बोलवायचं असतं.) दोन माणसं आली, बॅटरी मारून टाकीत पाहिलं, गाडीखाली झोपून पाहिलं, म्हणाले साप काही दिसत नाही. हनुमंतराव म्हणाले, "दिसेल कसा? तुम्ही बूट घालून बघताय." बिचारे बूट काढून परत बघायला लागले.

राहुकाळ सरला, आत गेलो, सोजी-बजी झाली, म्हणजे तुमचे कांदेपोहे. सोजी जरा कोरडी होती पण त्या दिवशी अमृत लागली. शांभवी कॉफी घेऊन आली, मला वाकून नमस्कार केला आणि कानाशी हळूच विचारलं, "अज्जी, पंबु का पांबु?" मी म्हटलं, पांबुच गे, मोठा! तिनं ओठ असे दाबले की खळी पडली. मग श्रीकरकडे कॉफी नेताना म्हणाली, इतकंच मला ऐकू आलं, "पंप आधी बदलायचा असतो ना?" आणि तो माझा नातू, ज्याला मी बोलणं शिकवलं, तो नुसता मान हलवतोय, लालबुंद. तिथेच जुळलं गे. पत्रिका नंतर पाहिली ती रीत म्हणून.

हनुमंतरावांनी होकार दिला आणि एकच अट घातली. नाग आपण होऊन बाहेर येईपर्यंत गाडी हलवायची नाही. आम्ही फळांचं रिकामं ताट घेऊन बसनं परत आलो. बसमध्ये मी श्रीकरला म्हटलं, बाळा, घाबरू नको, साप निघेल. तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "अज्जी, साप नाही. पंप." मी म्हटलं, कसला पंप? त्यानं सांगितलं. वेणू, मी अय्यमपेट्टैपासून तंजावूरपर्यंत एक शब्द बोलले नाही. कंडक्टरनं विचारलं, पाट्टीला बरं नाही का म्हणून.

मी भुवनाला म्हटलं, उद्याच फोन करून खरं सांगू. ती म्हणाली, "अत्तै, अक्षता पडेपर्यंत तो साप आहे. पडल्या की पंप." तिचंही बरोबर आहे. म्हातारी त्या सापाच्या भरवशावर हो म्हणाली. साप नव्हताच म्हटलं तर तिला वाटेल देवानंच थट्टा केली, आणि पोरीला परत तोच दोष, तीच खिडकी. पोरीचा काय गुन्हा? म्हणून मी गप्प आहे. मला गप्प बसणं किती जड जातं तुला माहीत आहे. जीभ दातांत धरून धरून कवळी हलायला लागली.

पण गाडी! परवा मी भुवनाबरोबर गाडीला भेटून आले. भेटून म्हणायचं आता, दर्शन म्हणायला माझी जीभ वळत नाही. दारातल्या कडुनिंबाखाली उभी आहे, काचेला हळद, बॉनेटवर जास्वंदीची माळ, दोन सुरांच्या हॉर्नला कुंकू. मंगळवारी-शुक्रवारी बायका येतात आणि त्या भोकात दूध घालतात. शांभवी घरी असली की काही तरी करून भांडं बाहेरच बशीत रिकामं करवते, पण ती शाळेत असली की कोण बघतं? कोणी परगावचं येऊन चाकाशी अंडं ठेवून गेलं, तेव्हा हनुमंतरावांनी सगळं आवार धुऊन काढलं. मी दार उघडून माझ्या सीटवर बसले. आत तुझ्या भावोजींच्या तपकिरीचा वास यायचा ना, तो गेलाय. आंबूस वास येतो. नटराज म्हणतो, आता नुसता पंप बदलून भागायचं नाही, आत दही लागलं असेल. टाकी उतरवायची, नळी बदलायची, गाळणं, पिचकाऱ्या, सगळंच नवं. नाही तर नवा पंप इतक्या जोराचा, की ते दही सरळ पिचकाऱ्यांत नेऊन घालील. पेटी तशीच बंद आमच्या झोपाळ्याखाली आहे. मी येता-जाता तिच्यावर हात फिरवते.

श्रीकर मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं होतं. परवा नुसता म्हणाला, "अज्जी, सीटा छान झाल्यात मात्र." आणि आता हनुमंतराव म्हणतात, गाडीला ऊनपाऊस लागतोय, वर पत्रा घालतो आणि खाली चौथरा बांधतो. चौथरा म्हणजे चाकं सिमेंटात, वेणू. गवंडी ठरला सुद्धा. एवढं ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. (आज अळूची भाजी होती म्हणून दोनदा घेतली.) आयुष्यभर सावकाश चालली बिचारी, आता कुठे पाय फुटले होते, तर मी एका कान्यानं तिला दगड केली. जाऊ दे. मला कसला मोह. देवाच्या दारात आहे, याहून चांगली जागा कुठली, असं मी मनाला सांगते. मन ऐकत नाही, तेही डाव्या कानानं ऐकत असेल.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांग. तुझ्या सुनेला म्हणावं, तै महिन्यात ये, तुला खरी सुंठी कढी दाखवते. बाकी काही विशेष नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं.

तुझी,
वसुअक्का

ता. क. सहज म्हटलं, पण एक बारीक काम आहे. हनुमंतरावांच्या आईला एक पत्र लिही. तिला आपल्यासारखीच लहानपणी पोथीपुरती अक्षरं शिकवलेली, बोट ठेवून वाचते, म्हणून मोठं लिही आणि जोडाक्षरं कमी घाल. आमचं कोणाचं बोलणं तिला पटायचं नाही, पण "वरच्या देशातून" मराठीत पत्र आलं की ती ते आधी डोळ्यांना लावील. लिहायचं असं, की तुला दृष्टांत झाला, नागानं सांगितलं, मुलीला माझा आशीर्वाद झाला, तिचा दोष मी घेतला, आता मला निघू द्या. खोटं लिही असं मी सांगत नाही. दुपारी तोंडलीचा भात जरा जास्त जेवून आडवी हो, पडेल दृष्टांत. चौथऱ्याच्या आधी पोचायला हवं, म्हणून पोस्टात स्वतः टाक, यजमानांवर सोडू नकोस.

ता. क. दुसरा. नुसता "निघू द्या" लिहू नकोस. भुवनानं ठरवलंय की गाडी परत आली की शंख काढून टाकायचा आणि पूर्वीसारखी करायची. म्हणून नागानं असं सांगावं, की मी आलो त्याच गाडीतून मला समुद्राला नेऊन सोडा, नागपट्टणमला. (गावाचं नावच नागाचं, म्हातारीला लगेच पटेल.) पण माझा भार मोठा, तो या जुन्या पंपाला उचलायचा नाही, तर आधी टाकी, पंप, नळी, पिचकाऱ्या सगळं नवं घाला, आणि शंखाला हात लावू नका, शंख देवाचा आहे. पिचकारी असंच लिही, इंजेक्टर लिहिशील तर म्हातारी तिथेच अडकेल.

ता. क. शेवटचा. ज्या बाईनं नागाला प्रथम पाहिलं तिनं समुद्रापर्यंत पुढच्या सीटवर बसावं, असंही त्यानं सांगितलं म्हणून लिही. आणि खाली वेगळ्या ओळीत, ठळक, की नागाला सावकाश गेलेलं मुळीच चालत नाही.